सव्वा मीटर पट्ट्याची वहिवाट

रेडिओ-तरंगांचा प्रदेश डोळ्यांना दिसत नाही. तथापि त्याच्या हद्दी ठरलेल्या असतात, त्या हद्दींची नोंद सरकारी दप्तरांत असते, कोणी कोठवर वावरावे याच्या सनदा निघतात, कालांतराने त्या फिरवल्या जातात, आणि अशा फेरफारांवरून वर्षानुवर्षे कज्जे चालतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हौशी रेडिओचालकांकडे असलेला २२० ते २२५ मेगाहर्ट्झचा पट्टा हा या प्रदेशाचा एक लहान आणि फारसा न गाजलेला भाग होय. त्याच्या खालच्या अंगाचा दोन मीटरचा पट्टा सदैव गजबजलेला, वरच्या अंगाचा सत्तर सेंटिमीटरचा पट्टाही चांगला नांदता. मधल्या या सव्वा मीटरच्या पट्ट्यावर मात्र वस्ती नेहमी विरळच राहिली. असे असूनही, किंबहुना असे असल्यामुळेच, त्याचा इतिहास लिहून ठेवण्याजोगा आहे. कारण ज्या सार्वजनिक वस्तूचा उपयोग थोडेच लोक करतात तिची किंमत कोणी आणि कोणत्या मापाने ठरवावी, हा प्रश्न या पट्ट्याच्या ऐंशीहून अधिक वर्षांच्या वाटचालीत पुनःपुन्हा उभा राहिला, आणि त्याला मिळालेली उत्तरे आजही विचार करावयास लावणारी आहेत.

हौशी रेडिओचालक सरकारी परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना घेतो, सरकारने दिलेल्या कॉलसाइनने ओळखला जातो, आणि ज्ञान, सराव व परस्परसंपर्क यांखेरीज दुसरा कोणताही लाभ या विद्येतून घेण्याची त्याला मुभा नसते. अमेरिकेतील १९१२ च्या रेडिओ कायद्याने या मंडळींना दोनशे मीटरांहून लांब तरंग वापरण्याची बंदी केली. लांब तरंगच काय ते दूरवर जातात, आखूड तरंगांचा व्यवहारात काही उपयोग नाही, असा त्या काळच्या जाणत्यांचा समज असल्यामुळे, जे कोणालाच नको होते ते हौशांच्या वाट्याला आले. १९१४ साली हायरम पर्सी मॅक्सिम यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या अमेरिकन रेडिओ रिले लीगच्या सभासदांनी त्याच टाकाऊ तरंगांवर चिकाटीने प्रयोग चालविले, आणि १९२३ च्या नोव्हेंबरात सुमारे ११० मीटरच्या तरंगावर कनेटिकटमधील फ्रेड श्नेल व फ्रान्समधील लेऑन दलॉय यांच्यामध्ये अटलांटिक महासागर ओलांडून दुतर्फा संदेशांची देवघेव झाली, तेव्हा आखूड तरंगांची महती एकाएकी सर्वांनाच पटली. उरलेसुरले हौशांना द्यावे, त्यांनी ते कसून मौल्यवान करावे, आणि ते मौल्यवान ठरताच इतरांनी त्यावर हक्क सांगावा, असा एक क्रम येथून रेडिओच्या इतिहासात रूढ झाला. सव्वा मीटरच्या बाबतीत या क्रमाला निराळेच वळण मिळाले. तेथे हक्क सांगणाऱ्यांनी पट्ट्यावरील विरळ वस्ती हेच आपल्या मागणीचे कारण म्हणून पुढे केले.

या पट्ट्याचा जन्म १९३८ सालचा. तोपर्यंत ११० मेगाहर्ट्झच्या वरचा सर्व प्रदेश हौशांना मोकळा होता, कारण तेथे पोहोचण्याची साधने फार थोड्यांजवळ होती आणि कायमचे बस्तान बसविण्याची निकड कोणालाच नव्हती. १९३४ साली स्थापन झालेल्या संघीय दळणवळण आयोगाने १९३८ मध्ये या मोकळ्या प्रदेशाची वाटणी केली, आणि हौशांसाठी त्यात दोन पट्टे राखून ठेवले: एक ११२ मेगाहर्ट्झपासून सुरू होणारा अडीच मीटरचा, व दुसरा २२४ मेगाहर्ट्झपासून २३० पर्यंतचा सव्वा मीटरचा. हौशांचा आधीचा पाच मीटरचा पट्टा ५६ मेगाहर्ट्झपासून सुरू होत असे. म्हणजे ५६, ११२, २२४ अशी प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या दुपटीवर बसविलेली होती. या मांडणीत शहाणपण होते. कोणत्याही प्रक्षेपकातून मूळ कंप्रतेबरोबर तिच्या दुपटीची आणि तिपटीची कंपनेही थोडीफार निसटतात; पट्टे दुपटीने बसविले म्हणजे निसटलेली दुप्पट कंपने परक्याच्या हद्दीत न शिरता हौशांच्याच पुढच्या पट्ट्यात पडतात, आणि खालच्या पट्ट्यासाठी बनविलेल्या यंत्राच्या कंप्रतेची दुप्पट करून वरच्या पट्ट्यावर चढण्याची वाटही सोपी होते.

ही वाट पुरती मळण्यापूर्वीच महायुद्ध आले. १९४१ च्या डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला होताच अमेरिकेतील हौशी केंद्रांना टाळे लागले. पुढे १९४२ मध्ये नागरी संरक्षणासाठी युद्धकालीन आणीबाणीची एक रेडिओसेवा उभारण्यात आली, आणि तिच्याकडे जे पट्टे सोपविण्यात आले त्यांत अडीच व सव्वा मीटर हे हौशांचेच दोन पट्टे होते. परवाने नगरपालिकांसारख्या स्थानिक संस्थांच्या नावे निघत. पण यंत्रे जुळविणारे आणि रात्री-अपरात्री त्यांच्यापाशी बसणारे लोक बहुतांशी हौशीच असत. ज्यांचा छंद सरकारने बंद केला होता त्यांनीच आपली विद्या त्याच सरकारच्या अडचणीच्या काळी विनामूल्य उपलब्ध करून दिली, ही गोष्ट या पट्ट्याच्या आरंभीच्या इतिहासात मानाने नोंदविली पाहिजे.

१९४५ च्या नोव्हेंबरात हौशी केंद्रे पुन्हा बोलू लागली. परंतु युद्धोत्तर फेरवाटणीत जुनी सुसंगत मांडणी मोडून पडली. अडीच मीटरची जागा १४४ मेगाहर्ट्झपासून सुरू होणाऱ्या दोन मीटरच्या पट्ट्याने घेतली, आणि सव्वा मीटरचा पट्टा थोडा खाली सरकून २२० ते २२५ मेगाहर्ट्झवर स्थिरावला. १४४ ची तिप्पट ४३२, आणि ती कंप्रता सत्तर सेंटिमीटरच्या पट्ट्यात पडते. त्यामुळे दोन मीटरच्या प्रक्षेपकाला कंप्रता तिप्पट करणारे एक लहान मंडल जोडले की हौशी थेट सत्तर सेंटिमीटरवर जाऊन पोहोचे. या नव्या आप्तसंबंधात सव्वा मीटर बाहेर राहिला. शिवाय त्याचे शेजारही अवघड होते. खाली २१० ते २१६ मेगाहर्ट्झवर दूरचित्रवाणीची तेरावी वाहिनी, वर २२५ पासून लष्करी विमानांच्या संभाषणाचा विस्तीर्ण पट्टा, आणि खुद्द पट्ट्यात शासकीय रडारचा अधिकार अग्रक्रमाचा व हौशांचा दुय्यम, अशा परिस्थितीत नवख्याने तेथे वस्ती करावी असे आकर्षण फारसे नव्हते.

तरीही या पट्ट्याने आपले सामर्थ्य एकदा असे दाखविले की त्याची नोंद विज्ञानाच्या इतिहासानेही घ्यावी. इतक्या उच्च कंप्रतेचे तरंग क्षितिजाच्या थोडेफार पलीकडे गेले तरी पुष्कळ, अशी सर्वसाधारण समजूत असताना कॅलिफोर्नियातील जॉन चेंबर्स आणि हवाई बेटांवरील राल्फ टॉमस या दोघा हौशांनी महिनोन्महिने ठरावीक वेळी एकमेकांच्या दिशेने कान लावून बसण्याचा नेम धरला. पॅसिफिकवरील थंड व दमट हवेच्या थरावर उन्हाळ्यात उष्ण व कोरड्या हवेचा थर पसरतो, आणि त्या दोन थरांच्या सांध्याशी तरंग अडकून पडतात व समुद्राच्या वक्रतेबरोबर वळत दूरवर वाहून नेले जातात. या मार्गाने १९५७ साली १४४ मेगाहर्ट्झवर, आणि १९५९ च्या जूनमध्ये २२० मेगाहर्ट्झवर, सुमारे ४,००० किलोमीटर अंतरावरून त्यांनी एकमेकांचे संकेत ऐकले. ज्या पट्ट्यावर कोणी नसते असे म्हटले जाई, त्या पट्ट्यावर दोन माणसे पुरेशी चिकाटीने बसली तर वातावरणाविषयीचे एक सत्य हाती येते, हे या घटनेने सिद्ध केले.

पट्टा लोकप्रिय का झाला नाही, याची कारणे मात्र तरंगांच्या स्वभावात शोधून सापडणार नाहीत. दोन मीटरपेक्षा येथे कोलाहल कमी, सत्तर सेंटिमीटरपेक्षा झाडीतून व डोंगरकडेने जाण्याची शक्ती अधिक. गुणांच्या दृष्टीने तो दोहोंच्या मधला आणि पुष्कळ बाबतींत दोहोंपेक्षा सरस म्हणावा असा पट्टा होता. उणीव होती ती यंत्रसामग्रीची. अमेरिकेतील टॅक्सी, पोलीस, कारखाने यांची फिरती रेडिओयंत्रे १५० व ४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालत. १९६० नंतरच्या दशकात नियम बदलून या वाहिन्या अरुंद करण्यात आल्या, तेव्हा जुनी यंत्रे मोडीच्या भावाने बाजारात आली, आणि ती थोडी खालच्या बाजूस जुळवून घेतली की दोन मीटरवर किंवा सत्तर सेंटिमीटरवर उत्तम चालत. २२० च्या आसपास असा कोणताच व्यापारी वापर नसल्यामुळे मोडीत निघणारी यंत्रेही नव्हती. दुसरे कारण आंतरराष्ट्रीय वाटणीचे. रेडिओच्या कामासाठी जगाचे तीन विभाग पाडलेले आहेत, आणि हा पट्टा दुसऱ्या, म्हणजे अमेरिका खंडांच्या विभागातच हौशांना मिळाला. जपान तिसऱ्या विभागात. त्यामुळे पुढे हौशी यंत्रांच्या बाजारावर ज्यांचे आधिपत्य झाले त्या जपानी कारखानदारांना घरच्या गिऱ्हाइकासाठी या पट्ट्याची यंत्रे बनविण्याचे कारणच नव्हते. भारतही त्याच तिसऱ्या विभागात येतो. आपल्याकडील प्रमाणाप्रमाणे या कंप्रता दूरचित्रवाणीच्या अकराव्या व बाराव्या वाहिन्यांच्या हद्दीत पडतात, आणि म्हणूनच महाराष्ट्रातील हौशांचे रिपीटर दोन मीटरवर ऐकू येतात, सव्वा मीटरवर नाहीत.

या पट्ट्याला खरी वस्ती मिळाली ती रिपीटरांमुळे. हातातल्या किंवा मोटारीतल्या लहान यंत्राचा आवाज दोन टेकड्यांपलीकडे पोहोचत नाही. परंतु एखाद्या उंच शिखरावर एक ग्राही व एक प्रक्षेपक यांची जोडी बसविली, ग्राहीने एका कंप्रतेवर ऐकावे आणि प्रक्षेपकाने त्याच क्षणी दुसऱ्या कंप्रतेवर ते पुन्हा बोलावे अशी योजना केली, म्हणजे शिखराला जेवढा मुलूख दिसतो तेवढा सर्व त्या लहान यंत्राच्या पल्ल्यात येतो. अडचण अशी की ऐकणारा आणि बोलणारा शेजारीशेजारी, बहुधा एकाच अँटेनावर काम करणारे. प्रक्षेपकाच्या प्रचंड आवाजात दूरच्या मोटारीचा क्षीण स्वर ग्राहीला ऐकू यावा यासाठी दोहोंच्या मध्ये धातूच्या पोकळ नळकांड्यांची गाळणी बसवावी लागते, जिला हौशी डुप्लेक्सर म्हणतात. दोन मीटरवर ऐकण्याच्या व बोलण्याच्या कंप्रतांत केवळ ६०० किलोहर्ट्झचे, म्हणजे हजारात सुमारे चार भागांचे अंतर असते; तेथे गाळणी फार काटेकोर, आणि प्रत्येक नळकांडे अर्ध्या मीटरच्या घरातले. सव्वा मीटरवर हे अंतर १.६ मेगाहर्ट्झ, म्हणजे हजारात सुमारे सात भाग ठरविण्यात आले. नळकांडीही एक तृतीयांश मीटरच्या आसपास आली. डोंगरावरच्या कोंदट खोपटात, भाड्याने मिळालेल्या चिंचोळ्या जागेत, स्वतःच्या खिशातून खर्च करून यंत्र उभारणाऱ्या माणसाला ही सवलत मोठी होती.

१९७० च्या सुमारास दोन मीटरवरील रिपीटरांची संख्या इतक्या वेगाने वाढली की १९७२ मध्ये आयोगाला त्यांच्यासाठी स्वतंत्र नियमावली करावी लागली, आणि काही वर्षे ‘डब्ल्यूआर’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या निराळ्या कॉलसाइन त्यांना देण्यात आल्या. लॉस अँजेलिससारख्या महानगराभोवतीच्या शिखरांवर दोन मीटरची एकही जोडी शिल्लक राहिली नाही, तेव्हा नव्याने रिपीटर उभारू इच्छिणाऱ्यांची दृष्टी मधल्या मोकळ्या पट्ट्याकडे वळली. मिडलंड १३-५०९ व क्लेग एफएम-७६ ही त्या पिढीची यंत्रे; प्रत्येक वाहिनीसाठी स्फटिकांची स्वतंत्र जोडी विकत घ्यावी, ती खोलून बसवावी, आणि मगच त्या वाहिनीवर बोलावे, असा त्यांचा रिवाज होता. पट्ट्याचा वरचा भाग, २२४ मेगाहर्ट्झच्या आसपासचा, रिपीटरांच्या बोलण्यासाठी आणि त्याखालचा त्यांच्या ऐकण्यासाठी नेमला गेला. कोणत्या शिखरावर कोणती जोडी असावी हे ठरविणारी मंडळे हौशांनी आपण होऊन स्थापन केली, आणि दक्षिण कॅलिफोर्नियात तर या एका पट्ट्यापुरती ‘२२० मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम मॅनेजमेंट असोसिएशन’ ही स्वतंत्र संस्था निर्माण झाली. या मंडळांना कायद्याने दंड करण्याचा अधिकार नव्हता. त्यांचा शब्द चाले तो केवळ परस्परविश्वासावर आणि शेजारधर्मावर.

या वस्तीचा स्वभाव दोन मीटरच्या बाजारपेठेपेक्षा वेगळा होता. येथे कोणी योगायोगाने येत नसे; ज्याला यायचे त्याला यंत्र शोधावे लागे, पुष्कळदा स्वतः जुळवावे लागे, आणि आल्यावर ज्यांचा आवाज ऐकू येई ती माणसेही अशाच खटपटीने आलेली असत. त्यामुळे संभाषणे संथ आणि दीर्घ होत, तांत्रिक प्रयोगांना वाव मिळे, आणि एकमेकांच्या रिपीटरांना रेडिओ-दुव्यांनी जोडण्याची कल्पना येथे विशेष फोफावली. कॉन्डॉर कनेक्शन या नावाने ओळखली जाणारी साखळी ही त्या कल्पनेची थोर निष्पत्ती होय. कॅलिफोर्निया, नेवाडा, ॲरिझोना व न्यू मेक्सिको या राज्यांतील शिखरांवरचे सव्वा मीटरचे रिपीटर एकमेकांशी कायमचे जोडले गेले, आणि पॅसिफिकच्या काठावर मोटारीत बसलेल्या माणसाला वाळवंटापलीकडच्या गावातील माणसाशी, मध्ये कोणतीही दूरध्वनीची तार न घेता, सहज बोलता येऊ लागले. अशा साखळीचे दुवे, रिपीटरांवर दुरून ताबा ठेवणाऱ्या वाहिन्या, संगणकांचे संदेश पुढे ढकलणारी पॅकेट केंद्रे, आणि अतिक्षीण संकेतांवर दूरचा संपर्क साधू पाहणारे प्रयोगशील लोक यांनी पट्ट्याचा खालचा भाग, २२० ते २२२ मेगाहर्ट्झ, हळूहळू व्यापला.

पट्ट्यावर पहिले सावट आले ते १९७० नंतरच्या दशकात. इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या कारखानदारांच्या संघटनेने २२४ मेगाहर्ट्झच्या आसपास नागरिकांच्या खाजगी रेडिओचा एक नवा वर्ग काढावा अशी मागणी केली, आणि १९७३ मध्ये आयोगाने ती रीतसर विचारासाठी घेतली. परीक्षा नाही, विद्येची अट नाही, दुकानातून यंत्र आणावे आणि बोलू लागावे, असा तो वर्ग होणार होता. लीगने त्याला कसून विरोध केला. परंतु निकाल लागला तो निराळ्याच कारणाने. २७ मेगाहर्ट्झवरील नागरिक-रेडिओचा त्याच सुमारास असा काही स्फोट झाला की आयोगाला त्याचे नियमन करणेच अशक्य होऊन बसले; १९७७ च्या आरंभी तेथील वाहिन्या तेवीसवरून चाळीस करण्यात आल्या, आणि त्याच वर्षी नव्या वर्गाचा विचार सोडून देण्यात आला. हौशांचा पट्टा वाचला. परंतु आपली जमीन मोकळी दिसते आहे आणि मोकळ्या जमिनीवर इतरांची नजर असते, ही जाणीव तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून राहिली, आणि पट्टा वापरला नाही तर तो जाईल असा इशारा ते एकमेकांस देऊ लागले.

दुसरा हल्ला अधिक समर्थ होता. १९८७ च्या मार्चमध्ये आयोगाने नवशिक्या परवानाधारकांना प्रथमच या पट्ट्यावर, २२२.१ ते २२३.९१ मेगाहर्ट्झपर्यंत, २५ वॅट शक्तीने बोलण्याची मुभा दिली. पट्ट्यात नवे रक्त यावे म्हणून उचललेले हे पाऊल योग्य होते. आणि त्याच वर्षी त्याच आयोगापुढे २२० ते २२२ मेगाहर्ट्झचा भाग हौशांकडून काढून घेण्याचा प्रस्ताव होता. त्याचा प्रमुख पुरस्कर्ता युनायटेड पार्सल सर्व्हिस ही टपालसामान पोहोचविणारी विख्यात कंपनी. एकांगी पट्ट्याने ध्वनी पाठविण्याच्या एका नव्या पद्धतीवर आधारलेले राष्ट्रव्यापी जाळे आपल्या गाड्यांसाठी विणण्याचा तिचा मानस होता. पाच किलोहर्ट्झच्या अरुंद वाहिन्यांत हे काम होईल आणि देशात या तंत्राला चालना मिळेल, हा युक्तिवाद आयोगालाही मान्य होण्याजोगा होता. त्याला जोड देण्यात आली ती पट्ट्याच्या विरळपणाची: हौशांचा येथील वापर तुरळक आहे, सबब लोकहिताच्या दृष्टीने ही जागा अधिक उपयोग करणाऱ्याला द्यावी. हौशांच्या हरकती नोंदविल्या गेल्या. निर्णय फिरला नाही. १९८८ मध्ये हुकूम निघाला, १९९१ मध्ये तो अमलात आला, आणि पाचांपैकी दोन मेगाहर्ट्झ हौशांच्या हातून गेले. उरलेले तीन मात्र आता रडारच्या अग्रक्रमातून मुक्त होऊन पूर्णपणे त्यांचे झाले, एवढाच काय तो मोबदला.

या निर्णयाचा विचार करताना आपल्याकडील गावाच्या गायरानाची आठवण होते. भर दुपारी गायरानावर उभे राहून गुरे मोजणाऱ्या अंमलदाराला दोन-चार शेळ्यांखेरीज काही दिसणार नाही, आणि ही जमीन पडीक आहे असा शेरा तो प्रामाणिकपणे लिहील. सकाळ-संध्याकाळची चराई, पावसाळ्यानंतरचे गवत, जत्रेचा तळ आणि दुष्काळातला आसरा यांतील काहीच त्याच्या मोजणीत येणार नाही. सव्वा मीटरच्या पट्ट्यावर नेमके हेच घडले. रिपीटर ज्या भागात बोलत तो भाग कोणालाही ऐकू येई, त्याची यादी दरसाल छापली जाई, आणि त्याचे अस्तित्व नाकारणे कठीण होते. परंतु रिपीटरांचे दुवे व नियंत्रणाच्या वाहिन्या यांच्या कंप्रता, कोणी त्यांत हस्तक्षेप करू नये म्हणून, सहसा प्रसिद्ध केल्याच जात नसत. अतिक्षीण संकेतांवर काम करणारे लोक वर्षातील मोजक्याच रात्री, वातावरण अनुकूल असेल तेव्हा, बोलत. आणि या सर्वांची वस्ती होती ती खालच्या दोन मेगाहर्ट्झमध्ये. ज्यांचे कार्य स्वभावतःच निःशब्द होते त्यांची जागा निर्जन ठरली, आणि हौशांनी आपल्याच सुरक्षिततेसाठी पाळलेले मौन त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाले.

पुढील घटनाक्रम कोणत्याही पक्षाला सोपे समाधान देणारा नाही. आयोगाच्या कामकाजाला इतका विलंब लागला की ज्या कंपनीसाठी हा खटाटोप झाला तिने अखेरीस दूरध्वनीच्या सेल्युलर जाळ्यांशी करार करून आपली गरज भागविली, आणि मिळविलेल्या पट्ट्यावर ते नियोजित जाळे उभेच राहिले नाही. मग त्या जागेचे परवाने इतरांस वाटण्यात आले, १९९८ मध्ये त्यांचा लिलाव झाला, आणि तरीही बराच काळ तेथे म्हणावी तशी वर्दळ दिसेना. म्हणजे विरळ वापराच्या सबबीवर घेतलेली भूमी नव्या धन्याकडेही विरळच राहिली. तेव्हा मात्र तिच्या विरळपणाची कोणी दाद मागितली नाही.

पण इतिहास येथेच थांबत नाही. १२ सप्टेंबर २००८ रोजी कॅलिफोर्नियातील चॅट्सवर्थ येथे उतारूंची गाडी आणि मालगाडी समोरासमोर धडकून २५ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर लवकरच अमेरिकेच्या विधिमंडळाने कायदा करून रेल्वे कंपन्यांवर अशी यंत्रणा बसविण्याची सक्ती केली की चालकाकडून चूक झाल्यास गाडी आपोआप थांबावी; आणि मोठ्या मालवाहू रेल्वे कंपन्यांनी त्या यंत्रणेच्या रेडिओसाठी निवडल्या त्या २२० मेगाहर्ट्झच्याच कंप्रता, ज्यांत हौशांकडून गेलेल्या जागेचाही समावेश होतो. २०२० च्या अखेरीस ती यंत्रणा कायद्याने ठरविलेल्या सर्व मार्गांवर कार्यान्वित झाली. ज्या जागेवर एके काळी रिपीटरांचे दुवे बोलत तेथे आज माणसांचे प्राण राखणारे संदेश धावतात, आणि कोणत्याही सहृदय हौशाला याचे दुःख होणार नाही. मात्र १९८८ च्या निर्णयाचे समर्थन यातून निघत नाही. कारण वीस वर्षांनंतर उद्भवणारी ही गरज त्या वेळी कोणाच्याही ध्यानी नव्हती, आणि ज्या कारणासाठी जमीन घेतली ते कारण तर केव्हाच विरून गेले होते.

हौशांच्या नुकसानीची अल्पशी भरपाई म्हणून १९९५ मध्ये २१९ ते २२० मेगाहर्ट्झचा एक तुकडा त्यांना दुय्यम अधिकाराने देण्यात आला, तोही केवळ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी अंकीय संदेश पुढे पाठविण्यासाठी. जलवाहतुकीच्या रेडिओकेंद्रापासून ८० किलोमीटरच्या आत असल्यास त्या केंद्राची लेखी संमती घ्यावी, ६४० किलोमीटरच्या आत असल्यास आगाऊ सूचना द्यावी, अशा अटी त्याला जडविलेल्या होत्या. नद्यांच्या व समुद्राच्या काठांनी वसलेल्या देशात या अटींची पूर्तता करू शकेल असा मुलूख थोडाच उरतो, आणि म्हणून ही देणगी बहुतांशी कागदावरच राहिली. १९९१ मध्ये दुसरीही एक घटना घडली होती, जी वरवर पाहता शुभ होती: मोर्स लिपीची परीक्षा न देता हौशी परवाना मिळू लागला, आणि हजारो नवे लोक या विद्येकडे आले. परंतु त्यांच्यासाठी दोन मीटरचे स्वस्त यंत्र प्रत्येक दुकानात तयार होते. खंडित झालेल्या सव्वा मीटरकडे वळण्याचे कारण त्यांतील फार थोड्यांना जाणवले.

आज हा पट्टा २२२ ते २२५ मेगाहर्ट्झ एवढा आहे. त्याच्या तळाचा २२२.१५ पर्यंतचा भाग नियमाने रिपीटरांना वर्ज्य करून क्षीण संकेतांसाठी राखलेला आहे, आणि पूर्वी २२० च्या काठावर बसणारे प्रयोगशील लोक आता २२२.१ च्या आसपास एकमेकांस हाक घालतात. थेट बोलणारे २२३.५ वर भेटतात. रिपीटर अजूनही २२४ च्या आसपास उभे आहेत, आणि कॉन्डॉरची साखळीही तुटलेली नाही. चीनमध्ये बनलेली, तीनही पट्ट्यांवर चालणारी स्वस्त हातयंत्रे आल्यामुळे साधनांची जुनी अडचण पुष्कळ कमी झाली आहे. तरीही कित्येक रिपीटर दिवसचे दिवस मूक राहतात. ज्यांनी ते उभारले ती पिढी थकत चालली आहे, शिखरांवरील जागेचे भाडे वाढत आहे, आणि एखादा रिपीटर एकदा बंद पडला की तो पुन्हा सुरू करणारा सापडेलच असे नाही.

या इतिहासापासून हौशांनी घ्यावयाचा बोध असा की हक्क नुसत्या सनदेने टिकत नाही, त्याला वहिवाटीचा आधार लागतो, आणि वहिवाट आहे हे दाखविण्यासाठी तिची नोंदही असावी लागते. दुव्यांचे मौन आवश्यक असेल. परंतु किती दुवे चालू आहेत, किती केंद्रे त्यांवर अवलंबून आहेत, कोणते प्रयोग चालले आहेत, याची खातेवही हौशांनी स्वतःच ठेवली पाहिजे, आणि कंप्रता गुप्त ठेवूनही ती आयोगापुढे मांडता येईल अशा रीतीने ठेवली पाहिजे. राज्यकर्त्यांनी घ्यावयाचा बोध याहून गंभीर आहे. सार्वजनिक संपत्तीची मोजणी करताना कोणत्याही एका घटकेला तेथे किती गर्दी आहे एवढेच पाहिले, तर जे काम शांततेची, प्रतीक्षेची आणि मोकळ्या जागेची अपेक्षा करते ते सर्व निरुपयोगी ठरते. आणि त्या कामातच नव्या ज्ञानाचा व आपत्काळच्या साहाय्याचा उगम असतो, हे १९४२ च्या नागरी संरक्षणाने आणि १९५९ च्या त्या पॅसिफिकपार ऐकलेल्या संकेतांनी दाखवून दिलेले आहे. जागा फेरवाटप करण्याचा अधिकार राज्याला आहे, आणि असावाही. परंतु ज्या उद्देशाने ती घेतली तो उद्देश सिद्धीस गेला की नाही हे ठराविक मुदतीनंतर तपासावे, आणि तो विफल ठरल्यास मूळ वहिवाटदाराचे म्हणणे पुन्हा ऐकून घ्यावे, एवढी तरतूद जर १९८८ च्या हुकुमात असती, तर त्या दोन मेगाहर्ट्झवर पुढली वीस वर्षे दुव्यांचे आणि प्रयोगांचे काम चालू राहिले असते, आणि रेल्वेची खरी गरज उत्पन्न झाली तेव्हा ती जागा त्यांनी, मला खात्री आहे, १९४२ प्रमाणेच आपण होऊन देऊ केली असती.